कोंड्याचा नकाशा

चंद्रपूर जिल्ह्यात मूलहून सावलीकडे निघालेली बस धानाच्या पट्ट्यात शिरली की खिडकीतून वास येऊ लागतो. कापून दोन-तीन दिवस उन्हात पडलेल्या धानाचा तो वास मला अजून नीट सांगता येत नाही. थोडा सुकत चाललेल्या गवताचा, थोडा भाकरी उतरवल्यावर तव्यावर मागे राहतो तसा. बांध्यांतलं, धानाच्या त्या छोट्या शेतांतलं, पाणी आटलेलं असतं. कुठे कापून पसरलेल्या धानाच्या कडपा वाळत पडलेल्या, कुठे कापलेला धान एकावर एक रचून पुंजणं उभं केलेलं. पुंजण्याच्या सावलीत कुणीतरी डबा उघडून बसलेलं असतं आणि बस जाताना मान वर करून बघतं.

यंदाही तसंच. मागच्या सीटांवर माझे विद्यार्थी. अर्ध्यांच्या कानात वायरी, अर्धे झोपलेले. एका वळणावर भोंगा लावलेला ऑटो आडवा आला. मंडई, दिवसभर पाळणे, रात्री झाडीपट्टीतल्या नामवंत कंपनीचं तीन अंकी नाटक, माताभगिनींसाठी बसण्याची वेगळी सोय. ऑटोवाला श्वास न घेता बोलत होता. एका मुलीनं कानातली वायर काढून विचारलं, "मॅडम, आपण याच गावाला जातोय का?"

"याच गावाला," मी म्हणाले.

हा हंगाम आला की मला एक नकाशा आठवतो. कागदावर तो कधीच नव्हता. जमिनीवर होता, तोही एकच रात्र.

मी चंद्रपूरला वास्तुकलेच्या कॉलेजात शिकवते. माझा विषय नगररचना. इमारती कशा बांधायच्या हे दुसरे शिक्षक शिकवतात. इमारतींच्या मधल्या जागेत माणसं कशी चालतात, बसतात, भांडतात, विकतात आणि त्यासाठी ती जागा कशी असावी, हे माझ्याकडे येतं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. त्यामुळे आईला माझ्या कामाचं नाव कधी पाठ झालं नाही. कुणी विचारलं की ती सांगते, "माही पोरगी घरं शिकवते." मी दुरुस्त करत नाही. इतकी वर्षं शिकवल्यावर मला त्यापेक्षा बरं सांगता येत नाही.

नागपूरला शिकायला गेले तेव्हा पहिल्याच दिवशी आमच्या सरांनी एक काम दिलं होतं. घरापासून शाळेपर्यंतची वाट काढा. शेजारच्या मुलींनी चौक, सिग्नल, उड्डाणपूल काढले. मी बांध काढले. दोन बांध्यांच्या मधून जाणारी, पावसाळ्यात बदलणारी, एका ठिकाणी बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, काठावरून वळणारी वाट. कागद परत देताना मी तो उलटा करून दिला, कारण माझ्या कागदावर एकही सरळ रेघ नव्हती. सरांनी तो भिंतीला लावला आणि वर्गाला म्हणाले, "ही वाट बघा. हिला ऋतू आहेत." त्या एका वाक्यावर मी पाच वर्षं काढली. आज मी कुणाला काही शिकवत असेन तर त्यातला बराच भाग त्या वाक्याची परतफेड आहे.

चिचपेठ हे गाव माझ्या माहेरापासून दोन बसथांब्यांवर. काही वर्षांपूर्वी तिथल्या ग्रामपंचायतीची नगरपंचायत नुकतीच झाली होती. गावाच्या कडेला, रस्ता आणि तलाव यांच्यामध्ये, उतरती मोकळी जमीन आहे. तिला आखर म्हणतात. सकाळी गावची गुरं आपापल्या दावणीतून सुटून तिथं जमतात आणि मग गुराखी त्यांना रानात नेतो. नगरपंचायतीच्या कागदावर त्या जागेवर 'रिकामी' असं लिहिलेलं होतं. पण ती रिकामी मी कधी पाहिली नाही. गुरं गेली की पोरं क्रिकेट खेळतात, दुपारी कुणी मिरच्या वाळवतं, लग्नसराईत मांडव पडतो आणि दिवाळीनंतर मंडई भरते. मंडई म्हणजे आमच्याकडची जत्रा, भाजीची मंडई नव्हे. मंडईच्या रात्री तलावाच्या बाजूला मंच उभा राहतो. मागच्यांना दिसावं म्हणून गावची माणसं आदल्या आठवड्यात फावडी घेऊन जमीन आणखी उतरती करून घेतात. खणलेली माती मंचाखाली जाते. दरवर्षी एक नाट्यगृह खणायचं आणि दरवर्षी बुजवायचं, असा त्या गावाचा रिवाज.

या आखरावर नगरपंचायत भाजीबाजार बांधणार होती. साऱ्या जागेवर काँक्रीटचे ओटे, भोवती भिंत, पुढे लोखंडी गेट. आराखडा दुसऱ्या कुठल्या तरी गावाचा होता, आयता मिळालेला. आमच्या कॉलेजची ओळख निघाली म्हणून नगराध्यक्षांनी सांगितलं, मुलांना घेऊन या, काही सुचलं तर सांगा. मंडईच्या दुसऱ्या दिवशी सभा आहे, तोवर काही पटण्यासारखं आलं नाही तर हाच आराखडा मंजूर करू. आम्ही वर्ग घेऊन गेलो. शाळेच्या दोन खोल्या झोपायला मिळाल्या आणि जेवायला सुलोचनाबाईंचं घर.

सुलोचनाबाई भाजी विकायच्या. पन्नाशीच्या, उंच, बोलताना समोरच्याच्या दंडावर हात ठेवणाऱ्या. गावात भाजीला जागाच नव्हती, म्हणून त्या आणि आणखी काही बायका राज्यमार्गाच्या कडेला पोतं अंथरून बसायच्या. मागच्या उन्हाळ्यात त्यांना तिथंच भोवळ आली होती. त्यांचे धाकटे दीर विनायकभाऊ गावच्या नाट्यमंडळाचे अध्यक्ष. कंपनी बाहेरून यायची, पण पहिल्या अंकात इन्स्पेक्टरची छोटी भूमिका स्थानिक अध्यक्षाला द्यायची, असा नियम त्यांनी स्वतःच करून ठेवला होता. एकच घर, एकच चूल. त्या चुलीच्या एका बाजूला ओटे हवे असलेली भावजय आणि दुसऱ्या बाजूला आखर मोकळं हवं असलेला दीर.

पहिल्याच दिवशी आम्ही ताटावर बसलो आणि सुरू झालं.

"नाटक वर्षातून एक रात," सुलोचनाबाई भात वाढता वाढता म्हणाल्या. "मी बारा महिने रस्त्यावर बसून राह्यली. टरक गेला का मेथीवर धूर. गिऱ्हाईक म्हंते, काकू, धुऊन देता का जी."

"वयनी, ओट्याले कोण नाई म्हंते?" विनायकभाऊ म्हणाले. "पण सारं आखरच ओट्यानं भरलं, तर मंडई का तुमच्या सैपाकघरात भरवू?"

"भरवा नं. तुमच्या कंपनीवाल्याईले भांडी तरी घासाले लावन."

"भिंत बांधून राह्यले ते. गेट लावून राह्यले. ढोरं कुठी उभी करसान?"

"तुमच्या मंचावर करा. नाटक बी बरं होईन."

मुलं भात गिळायची विसरली होती. सुलोचनाबाईंचे यजमान, मोठे भाऊ, शांतपणे जेवत होते. त्यांनी फक्त माझ्याकडे बघून हळूच सांगितलं, "हे दिवाळीपासून चालू आहे."

मला त्या रात्रीच कळलं की हा सोपा विषय नाही. पुस्तकात मोकळी जागा वाचवणारे चांगले असतात आणि काँक्रीट ओतणारे वाईट. इथं काँक्रीट मागणारी बाई उन्हात भोवळ येऊन पडली होती. आणि मोकळी जागा मागणारा माणूस तिच्याच हातचं जेवत होता. दोघंही खरं बोलत होते. सभेत नुसतं भांडण झालं असतं तर आयता आराखडा मंजूर झाला असता आणि मंडई गेली असती. काहीच मंजूर झालं नसतं तर पुढचा उन्हाळाही सुलोचनाबाईंना त्याच रस्त्यावर काढावा लागला असता.

वर्ग कामाला लागला. त्यात दोघं मला आजही ठळक आठवतात. एक तन्मय, नागपूरच्या फ्लॅटमध्ये वाढलेला, हात सुंदर, रेघ एका दमात काढणारा. दुसरी मेहजबीन, गडचांदूरची, तिच्या वडिलांचं मंडप-डेकोरेशनचं दुकान. तिच्या घरीही तिच्याआधी कुणी इतकं शिकलेलं नव्हतं. तिच्यात मला कधी कधी माझीच घाबरट मान दिसायची; प्रश्न विचारायच्या आधी ती वहीचं टोक दुमडत बसायची.

पहिल्या फेरीत मुलांनी जे काढलं ते घेऊन आम्ही रोज संध्याकाळी सुलोचनाबाईंच्या अंगणात बसायचो. तन्मयच्या गटानं आखर पूर्ण मोकळं ठेवलं होतं आणि भाजीवाल्यांना मागच्या गल्लीत एक नेटकी रांग दिली होती. सुलोचनाबाईंनी कागद उन्हाकडे धरून बघितला.

"ही गल्ली म्हंजे वासूच्या घरामागची का?"

"हो काकू."

"तिथी तर आमी शेण टाकतो, बाप्पा."

दुसऱ्या गटानं तलावाच्या कडेला गोल पायऱ्या आणि हिरवळ दाखवली होती. विनायकभाऊंनी हिरवळीवर बोट ठेवलं. "हे काय?"

"लॉन."

"सकायी ढोरं आली का अर्ध्या घंट्यात साफ," ते म्हणाले. मुलांनी हसून ती हिरवळ खोडली. हे वाक्य त्यांनी लक्षात ठेवायला हवं होतं.

आम्ही सभाही बोलावल्या होत्या. शाळेच्या वऱ्हांड्यात खुर्च्या मांडल्या. पहिल्या दिवशी खुर्चीवर बसणारी माणसं आली, दुसऱ्या दिवशी तीच आली. भाजीवाल्या बायका रस्त्यावरून जाताना डोकावायच्या आणि पुढे जायच्या. भिंतीला लावलेल्या शीटसमोर उभं राहायला त्यांना संकोच वाटत होता. मला तो ओळखीचा होता. आमचे बाबा पहिल्यांदा माझ्या कॉलेजात आले तेव्हा माझ्या ड्रॉइंगसमोर चपला काढून उभे राहिले होते.

म्हणून मी वर्गाला म्हणाले, कागद पुरे. नकाशा जमिनीवर काढू, खऱ्या मापाचा. जिथं ओटा येणार तिथं ओट्याएवढी चौकट. माणसं त्यात चालतील, बसतील, मग बोलतील. मंडईला दोन दिवस राहिले होते. दोऱ्या, खुंट्या, टेप सगळं होतं. मैदानावर आखायची फक्की तेवढी आणायची होती. त्या संध्याकाळी मी वर्गाला काम समजावून आईबाबांना भेटायला गावी गेले.

फक्की मिळाली नाही. दुकानदार मंडईच्या खरेदीला गेला होता. मुलं हात हलवत परत येत असताना राइस मिलच्या दारात कोंड्याची पोती दिसली. मऊ, फिकट, काळ्या मातीवर उठून दिसेल असा. मिलवाल्यानं कॉलेजची पोरं म्हणून दोन पोती तशीच दिली. तन्मयनं मला फोनवर मोठ्या आनंदात सांगितलं, "मॅडम, फक्कीपेक्षा भारी. बायोडिग्रेडेबल आहे." मी बसच्या आवाजात अर्धं ऐकलं आणि म्हणाले, करा.

त्यांनी तो नकाशा अंधार पडेपर्यंत काढला. ज्यांनी पाहिला ते म्हणतात, सुंदर होता. ओट्यांच्या रांगा, मधला रस्ता, मंचाची जागा, झाडांचे गोल. मी पाहिला नाही.

सकाळी पहिल्या बसनं उतरले तर आखराकडून हसण्याचा आवाज येत होता. गावची सगळी गुरं नेहमीच्या वेळी, नेहमीच्या जागी आली होती, आणि मान खाली घालून अतिशय शिस्तीत नकाशा खात होती. रेघेरेघेनं. एक तांबडी कालवड प्रवेशद्वार चाटत पुढे पुढे चालली होती. तन्मय हात पसरून "हट्, हट्" करत होता आणि ती त्याच्याभोवती वळून पुढच्या ओट्याकडे जात होती. मेहजबीन मातीत बसून इतकी हसत होती की तिला उठता येईना. गुराखी काठीवर हनुवटी टेकवून उभा होता.

तन्मय माझ्याकडे आला, चेहरा पडलेला. "मॅडम, सबमिशन खाल्लं."

"थांब नं बाबू," गुराखी म्हणाला. "रवंथ करून वापस देईन."

चहाच्या टपरीवर, पिठाच्या गिरणीत, बसस्टँडवर दुपारपर्यंत एकच बातमी. कॉलेजवाल्यांचा नकाशा गाईनं खाल्ला. शेतात कापणीला गेलेल्या बायकांपर्यंत ती पोचली. आणि मग जे आमच्या दोन सभांनी झालं नव्हतं ते झालं. गाव बघायला आलं. डोक्यावर धानाची पेंढी घेतलेल्या बायका वाट वाकडी करून आल्या. हसायला आल्या होत्या, म्हणून कुणालाच संकोच नव्हता. हसून झाल्यावर त्या विचारू लागल्या, होतं काय त्या नकाशात? मुलांजवळ दाखवायला काही उरलं नव्हतं. मग ती स्वतःच चालून दाखवू लागली.

सुलोचनाबाई पदर खोचून आल्या. "इथी काय होतं?"

"इथे ओटा होता, काकू," तन्मय म्हणाला.

"कोणाचा?"

"तुमचा धरला होता."

"मंग माहा ओटा गाईनं खाल्ला?"

"हो."

"कोणाच्या गाईनं?"

तन्मयनं तांबड्या कालवडीकडे बोट दाखवलं. ती विनायकभाऊंची होती.

सुलोचनाबाईंनी दिराकडे बघितलं. "पाह्यलं? घरचीच निंगाली."

दुपारी आम्ही पुन्हा आखायला घेतलं. या वेळी मिलमधलीच राख आणली, भुसा जळून उरलेली काळपट करडी राख, जिच्याकडे गुरं ढुंकून बघत नाहीत. कोपरे मेहजबीननं काढले. दोरीला तीन, चार आणि पाच हातांच्या अंतरानं गाठी मारून तिनं काटकोन धरला. "आमचे अब्बू मंडपाचा कोपरा असाच काढतात," ती म्हणाली. वर्गात ज्या आवाजात ती उत्तरं द्यायची त्याहून हा आवाज मोठा होता. दोरीचं दुसरं टोक धरायला गावातली पोरं, बायका, म्हातारे होते. ज्यानं दोरी धरली त्याला मत आलं. जरा इकडं, इथी पाणी साचते, इथून ढोरं जाते, तिथी मारुतीच्या पारावर म्हातारे बसते त्यायले ऊन लागन. ढोरांच्या वाटेनं मधली जागा मोकळी सुटली. ओटे दोन कडांना सरकले. मुलांचा जुना आराखडा त्यांच्या डोळ्यांसमोर मोडत होता आणि ती राख टाकत होती, पुसत होती, पुन्हा टाकत होती.

मग भाजीवाल्या आपापल्या टोपल्या घेऊन राखेच्या चौकटींत बसल्या. नुसतं बसून बघा, असं मी म्हणाले होते. बसल्याबरोबर मागच्या रांगेतली एक जण उठली.

"माही टोपली दिसत नाई पुढून."

"थोडी वर सरक," सुलोचनाबाई म्हणाल्या.

ती उतारावर दोन पावलं वर सरकली. तिच्या मागची आणखी वर. प्रत्येकीला आपली टोपली खालच्या मोकळ्या जागेतल्या गिऱ्हाइकाला दिसायला हवी होती आणि प्रत्येकीला पुढचं गिऱ्हाईकही दिसायला हवं होतं. थोड्या वेळानं सगळ्या उतारावर एकीवर एक अशा बसलेल्या होत्या, वांगी, मेथी, लाल मिरच्या, चवळीच्या शेंगा. खाली तलावाच्या बाजूला विनायकभाऊ मंचाच्या जागी एकटे उभे होते. त्यांना गप्प राहवेना. त्यांनी पोट आत ओढलं, मिशीला हात लावला आणि इन्स्पेक्टरचं वाक्य टाकलं.

"खबरदार! या गावात कायद्याचं राज्य आहे."

सुलोचनाबाई आपल्या चौकटीतून म्हणाल्या, "दिसून राह्यले भाऊजी. आयकू बी येऊन राह्यलं. आता बसा."

हशा पिकला. मी हसत असतानाच मेहजबीननं माझा हात धरला. "मॅडम, दिसतंय," ती म्हणाली. "मागच्या काकूंनाही दिसतंय. सगळ्यांनाच."

मी त्या उताराकडे बघितलं. दरवर्षी गाव जे फावड्यानं खणत होतं ते टोपल्या दिसाव्यात म्हणून बायकांनी बसल्या बसल्या करून ठेवलं होतं. पायऱ्यांसारखे एकावर एक चढत गेलेले ओटे. दिवसा त्यांवर भाजी आणि मंडईच्या रात्री त्यांवरच गाव. मंचासमोरची जमीन मोकळी, तिथं सकाळी गुरं. मेहजबीन लगेच दुसरं बोलू लागली होती: ओटे बांधतानाच काँक्रीटमध्ये बांबू बसतील एवढी भोकं ठेवायची, म्हणजे मांडव घालताना खणायला नको, आणि उन्हाळ्यात त्याच बांबूंवर भाजीवाल्यांना कापडाची सावली. ती बोलत होती आणि वहीचं टोक दुमडत नव्हती.

शिकवणं म्हणजे काय, असं मला नव्या शिक्षकांनी विचारलं की मी ती दुपार सांगते. त्या दुपारी मी काहीच शिकवलं नाही, असं म्हणायला छान वाटतं, पण ते खरं नाही. वर्गातून बाहेर काढलं, खऱ्या मापात काढायला लावलं, दोरीचं दुसरं टोक दुसऱ्याच्या हातात द्यायला लावलं. एवढं मी केलं आणि ते नीट केलं. उतार आणि छेद मुलांना काढता येत होते म्हणूनच त्यांना समोर काय झालं ते ओळखता आलं. आणि टोपली दिसेना म्हणून उठून सरकणारी बाई नसती तर ओळखायला काही झालंच नसतं. एकट्यानं काढलेला चांगला आराखडा मी पुष्कळ पाहिला आहे. असा पाहिला नव्हता.

मंडईच्या दिवशी राखेच्या चौकटींत खरोखर दुकानं लागली. जिलबीच्या कढईचा वास, पाळण्याची करकर, मनियाराच्या गाड्यावर काचेच्या बांगड्यांचा हिरवा उजेड, लेकीबाळींना आणायला आलेले भाऊ, नव्या धानाचे पोहे. राख संध्याकाळपर्यंत पायांखाली गेली, पण माणसं त्याच जागी बसून राहिली. मुलं दिवसभर हिंडून कोण कुठं थांबतं ते टिपत होती. मेहजबीनचा बाप गडचांदूरहून मुलगी काय करते ते बघायला आला होता. तो तिच्या मागे मागे हात बांधून फिरत होता आणि तिनं मारलेल्या खुंट्या हळूच हलवून बघत होता. एकही हलली नाही.

दुसऱ्या दिवशीची सभा विनायकभाऊंनी नगराध्यक्षांना विनंती करून आखरावरच ठेवली. नगराध्यक्षा बाई होत्या. त्या ओट्याच्या चौकटीत जमिनीवर बसल्या म्हणून बाकीचे सदस्यही बसले. मुलांनी पुन्हा राख टाकली होती. नगरपंचायतीच्या इंजिनिअर साहेबांचा मुद्दा एकच होता आणि तो चुकीचा नव्हता: भिंत घातली नाही तर हळूहळू टपऱ्या येतील आणि जागा जाईल.

"भिंत घालसान तर गेट येईन," सुलोचनाबाई म्हणाल्या. "गेट येईन तर कुलूप येईन. मंग चाबी कोणापाशी राहीन, सायेब?"

विनायकभाऊ खाली बघत होते. दिवाळीपासून हाच प्रश्न ते विचारत होते, पण तो त्यांच्या भावजयीनं विचारला तेव्हा त्याला वजन आलं. मग तेही उठले आणि म्हणाले, "ओटे पायजेच. उन्हाळ्याच्या आधी पायजे. नाटक मंडळाचं हेच म्हणणं आहे." सुलोचनाबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या हसल्या की काय ते मला मागून दिसलं नाही.

इंजिनिअर साहेब बराच वेळ उतारावर वरखाली चालले. एका चौकटीत बसून मंचाकडे बघितलं. शेवटी म्हणाले, कडेच्या ओट्यांनीच हद्द धरू, भिंतीची गरज नाही. आणि बांबूची भोकं आत्ताच ठेवू, नंतर फोडायला नको. नगराध्यक्षांनी विचारलं, हरकत? गुराखी मागं उभा होता. तो म्हणाला, "ढोराईची नाई." ठराव झाला.

कॉलेजात ज्यूरीला, म्हणजे आराखड्यांच्या तोंडी परीक्षेला, वर्गानं पहिल्या शीटवर तांबड्या कालवडीचा फोटो लावला. बाहेरून आलेले परीक्षक आधी हसले, मग दोन तास त्यांनी मुलांना सोडलं नाही. पाणी कुठं जाईल, म्हाताऱ्यांनी पायऱ्या कशा चढायच्या, पावसाळ्यात काय. मुलं उत्तरं देत होती. जिथं येत नव्हतं तिथं म्हणत होती, बघून येतो. मला तेवढं पुरे होतं.

ओटे उन्हाळ्याआधी झाले. सगळं आम्ही काढलं तसं झालं नाही. पश्चिमेचं ऊन अजून एका रांगेवर येतं आणि तिथं सुलोचनाबाईंनी स्वतःच एक जुनं लुगडं बांधलंय. पारापाशी एक टपरी आलीच. पण मंडई भरते, गुरं जमतात आणि मेथीवर धूर बसत नाही.

यंदा बसमधून उतरलो तेव्हा ऊन कललं होतं. नव्या बॅचला मी मुद्दामच काही सांगितलं नाही. आधी बघा, म्हणाले. मंडपवाले ओट्यांच्या भोकांत बांबू सोडत होते. तलावाच्या बाजूला मंच चढत होता आणि विनायकभाऊ माइक तपासत होते. कायद्याचं राज्य अजून आहे. सुलोचनाबाई आपल्या ओट्यावर पाय सोडून बसल्या होत्या.

"ये, बस," त्यांनी शेजारी हात थोपटला. "रातच्यासाठी जागा धरून ठेवली तुले. कोणाले सांगू नको, नाई तर सारे म्हंतीन मले बी धरून ठेव. पोट्टे जेवले का?"

मी बसले. ओटा दिवसभराच्या उन्हानं कोमट होता. रानातून गुरं परत येत होती; धूळ, घंटा, शेणाचा आणि नव्या धानाचा वास. सुलोचनाबाईंनी टोपलीमागून एक पिशवी ओढली आणि ओट्याच्या कोपऱ्यावर, खाली जमिनीवर, मूठभर कोंड्याची एक रेघ सोडली. तांबडी आता चांगली थोराड झाली आहे. ती कळपातून सरळ त्या कोपऱ्याकडे आली.

नव्या बॅचमधल्या एका मुलीनं विचारलं, "काकू, हे काय?"

सुलोचनाबाईंनी गाईच्या मानेवर हात ठेवला.

"हा माहा ओटा," त्या म्हणाल्या. "हिनं खाल्ला म्हून झाला." आणि तांबडीला म्हणाल्या, "खाय व बाई, खाय. औंदा आणखी पोट्टे आले आहे."